दवंडीपासून खंजिरीपर्यंत : वऱ्हाडातील लोकसेवकांची प्रचारसाधने

अकोल्याहून खामगावच्या वाटेला लागले म्हणजे मन आणि म्हैस ह्या दोन नद्यांच्या संगमावर बाळापूर लागते. गावाच्या दोन खुणा प्रवाशाच्या नजरेत लगेच भरतात. एक, औरंगजेबाचा पुत्र आझमशहा ह्याच्या काळी आरंभलेला आणि १७५७ साली एलिचपूरचा नवाब इस्माईलखान ह्याने पुरा केलेला किल्ला. आणि दुसरी, गावाच्या दक्षिणेस उभी असलेली काळ्या दगडाची छत्री. ही छत्री मिर्झाराजा जयसिंहाने बांधविली असे सांगतात. ह्या वास्तू लढाईसाठी वा विसाव्यासाठी उभारल्या असतील. परंतु त्यांचे आणखीही एक काम होते. येथे धनी कोण आहे, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्यास न बोलता सांगत असत. सत्तेला आपले म्हणणे लोकांच्या मनावर ठसविण्यास साधनांची वाण कधीच पडत नाही. तिच्यापाशी दगड असतो, शिक्का असतो, निशाण असते, आणि ह्यांपैकी काही पुरे पडले नाही तर दवंडी असते.

दवंडीची रीत वऱ्हाडातल्या जुन्या माणसांस नव्याने सांगावयास नको. आठवडी बाजार भरला की भर गर्दीत डफडे वाजे, लोक थबकत, आणि सरकारी हुकूम, जमाबंदीची मुदत, गुरांचा रोग किंवा लिलावाची तारीख खड्या आवाजात पुकारली जाई. ही दवंडी देण्याचे काम बहुधा गावच्या महाराकडे असे. त्याचा आवाज गावात सर्वांत मोठा. तो ऐकल्यावाचून कोणाचे चालत नसे. पण त्या आवाजातला एक शब्दही त्याचा स्वतःचा नसे. त्याला पाण्यासाठी ताटकळावे लागते, देवळाच्या पायरीशी थांबावे लागते, ही गोष्ट पुकारण्यासाठी ते डफडे नव्हते. गळा एकाचा आणि शब्द दुसऱ्याचा, हा जो प्रकार गावगाड्यात पिढ्यान् पिढ्या चालला, त्यातच ह्या विषयाचे सारे मर्म साठविलेले आहे. लोकांची सेवा करू निघालेल्या, परंतु पदरी पैसा नसलेल्या माणसांनी बोलावे कशाने? आणि जे साधन हाती लागले ते आपले राहावे कसे? गेल्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडाने ह्या प्रश्नाची जी उत्तरे दिली, ती कोणत्याही मोठ्या शहराने दिलेल्या उत्तरांहून कमी मोलाची नाहीत.

शहराचे उत्तर म्हणजे छापखाना. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ मुंबईस निघाले, आणि छापील शब्दाने आपले मत हजारोंपर्यंत पोहोचविता येते, ही कल्पना मराठी माणसाच्या मनात रुजली. पुढे १८६४ साली जावजी दादाजी ह्यांनी अक्षरे ओतण्याचा कारखाना आणि १८६९ साली ‘निर्णयसागर’ छापखाना काढला. त्यांच्या सुबक खिळ्यांनी मराठी पुस्तकाला देखणे रूप दिले. परंतु हे रूप महागडे होते. इंग्रजीची वर्णमाला सव्वीस अक्षरांची. मराठीस काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे मिळून खिळ्यांच्या पेट्यांत शेकड्यांनी घरे लागत. तेवढे खिळे विकत घ्यावयाचे, ते जुळणारा कसबी माणूस पोसावयाचा, कागद आणावयाचा आणि मग अंक टपालाने धाडावयाचा. हा सारा व्याप पेलण्यास भांडवल लागे. म्हणून छापखाना ज्याच्या हाती, त्याच्याच जातीचे, वर्गाचे आणि आवडीचे बोलणे प्रथम छापले जावे, हे ओघानेच आले.

वऱ्हाडात ही विद्या रेल्वेपाठोपाठ आली. १८५३ साली हा प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपुरास पोहोचला. अकोल्यास ‘वऱ्हाड समाचार’ निघू लागला, अमरावतीसही पत्रे निघाली. बाळापूर मात्र लोहमार्गावर आले नाही. त्याचे स्थानक पारस. मुंबईची बातमी पारसच्या फलाटावर उतरावी आणि तेथून बैलगाडीने गावात यावी, असा क्रम होता. त्यातही ती वाचणार कोण? १९०१ च्या शिरगणतीच्या वेळी ह्या देशात शंभर माणसांत दहा देखील अक्षरओळख असलेली नव्हती, आणि स्त्रियांत तर शंभरांत एकही मोठ्या कष्टाने सापडे. म्हणजे पत्र निघाले तरी ते गावच्या चावडीवर कोणीतरी वाचून दाखवावयाचे, आणि त्या ‘कोणीतरी’ला जे रुचेल तेवढेच इतरांच्या कानी पडावयाचे. गळा आणि शब्द ह्यांची ताटातूट येथेही संपली नाही. ती केवळ डफड्यावरून कागदावर गेली.

ही गोष्ट ज्यांच्या प्रथम ध्यानी आली, त्यांत सत्यशोधकांचा मान पहिला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीराव फुले ह्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ काढला. शेतकऱ्याचे गाऱ्हाणे शेतकऱ्याच्याच पत्रात, ही त्यामागची दृष्टी. नागपूरकडे तिचा वारसा किसन फागूजी बनसोडे ह्यांनी उचलला. अस्पृश्य समाजातल्या ह्या कार्यकर्त्याने ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ अशी एकामागून एक पत्रे चालविली. पत्राची नावेच पाहावी. वाचणाऱ्याला पहिल्या ओळीपूर्वीच ती सांगतात की हे कोणाचे बोलणे आहे. त्यांनी छापखानाही स्वतःचा उभा केला. ज्याच्या हाताचा विटाळ मानला जात होता, त्याच्या हातांनी जुळविलेली अक्षरे नागपुराहून गावोगाव जाऊ लागली. ह्या धडपडीचे मोल त्या पत्रांच्या खपावरून ठरवावयाचे नसते.

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ मुंबईस निघाले. त्याला छत्रपती शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साह्य दिले. संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर ह्यांचे नाव होते. हे पत्र निघत असल्याची जाहिरात ‘केसरी’ने पैसे देऊ करूनही घेतली नाही, हे डॉ. आंबेडकरांनी पुढे नमूद करून ठेविले आहे. दुसऱ्याच्या पत्रात पैसे टाकूनही आपल्या चार ओळी छापता येत नाहीत, ह्या एका अनुभवातून स्वतःच्या साधनाची निकड जितकी पटते, तितकी शंभर व्याख्यानांनी पटत नाही. ‘मूकनायक’ हे नाव दवंडी देणाऱ्या त्या जुन्या माणसाचेच आहे, असे म्हणावयास हरकत नाही. ज्याचा आवाज सर्वांनी ऐकला आणि ज्याचे म्हणणे कोणीच ऐकले नाही, तो हा मुका नायक.

त्या पत्राच्या मांडणीतली एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ‘मूकनायक’च्या शिरोभागी तुकोबांची वचने असत, आणि ३ एप्रिल १९२७ रोजी निघालेल्या ‘बहिष्कृत भारत’च्या शिरोभागी ज्ञानेश्वरांची. परदेशच्या विद्यापीठांत शिकलेल्या पंडिताला आपल्या पत्राच्या कपाळी इंग्रज तत्त्वज्ञांची वाक्ये घालता आली नसती असे नाही. परंतु वाचून दाखविणारा आणि ऐकणारा ह्या दोघांच्याही ओठी जे आधीच आहे, तेथूनच आरंभ करावयाचा, हे त्यांनी ओळखले होते. पत्राचे डोके कसे सजवावे, हा केवळ शोभेचा प्रश्न नाही. आपण कोणाशी बोलत आहोत ह्याची ती पहिली कबुली असते.

ह्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, १३ तारखेस, अमरावतीच्या इंद्रभुवन नाट्यगृहात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद भरली आणि डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून चाललेल्या चळवळीचे ते दिवस होते, आणि डॉ. पंजाबराव देशमुखांसारखे तरुण तिच्या पाठीशी उभे होते. परिषदा, ठराव, पत्रके ह्यांनी वातावरण तापत होते. पण पत्राचा संसार मात्र ओढगस्तीचाच. ‘मूकनायक’ तीन वर्षांच्या आतबाहेर मिटले. ‘बहिष्कृत भारत’चे चोवीस चोवीस रकाने एकट्या संपादकाने लिहून काढले, आणि तेही १९२९ साली थांबले. वर्गणीदार गरीब, जाहिरातदार नाही, आणि सरकारची दृष्टी वक्र. १९१० च्या छापखाना कायद्याने पाचशे ते दोन हजार रुपयांची अनामत मागण्याचा अधिकार सरकारला दिला होता. तो कायदा १९२२ साली गेला तरी १९३१ साली दुसऱ्या रूपाने परत आला. शब्दाच्या वाटेवर असा जकातनाका बसविला म्हणजे गरिबाचा शब्द आपोआपच मागे राहतो.

मग ज्यांना नाका चुकवावयाचा होता त्यांनी काय केले? त्यांनी असे बोलणे शोधले की ज्याला कागदच लागत नाही. ३१ सालच्या सुमारास नाशिककडे भीमराव कर्डकांनी जलसा उभा केला, आणि गण, सवालजवाब व फार्स ह्यांच्या ओळखीच्या साच्यात नवा विचार ओतला. वऱ्हाडाच्या शेतकऱ्याला त्याच सुमारास एक निराळा पाठ मिळाला होता. १९३० साली महात्मा गांधींनी दांडीस मीठ उचलले. वऱ्हाडाला समुद्र नाही. येथे मिठाचा सत्याग्रह करावयाचा कसा? परंतु पूर्णेच्या खोऱ्यात, अकोट-बाळापूरकडील पट्ट्यात, विहिरींचे पाणी खारट असते. खारपाण म्हणून हा भाग प्रसिद्धच आहे. पिण्यास निरुपयोगी ठरलेल्या त्या पाण्याने ती अडचण दूर केली. अकोला जिल्ह्यात दहिहांडा येथे खाऱ्या विहिरीच्या पाण्याचे मीठ करून कायदा मोडण्यात आला. आणि १० जुलै रोजी लोकनायक बापूजी अणे ह्यांनी पुसद येथे सरकारी जंगलातील गवत कापून दुसरा कायदा मोडला. गुजराथच्या किनाऱ्यावरची खूण वऱ्हाडात जशीच्या तशी आणून रोवली असती तर ती उपरी वाटली असती. येथल्या विहिरीचे मीठ आणि येथल्या विळ्याचे गवत म्हणताच ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही सत्याग्रहाचा अर्थ कळला. खूण निवडावयाची ती ऐकणाऱ्याच्या अंगणातली, हा त्या वर्षाचा धडा.

हा धडा वऱ्हाडात एका माणसाने त्याच्या पंचवीस वर्षे आधी, कोणत्याही पुढाऱ्याचे व्याख्यान न ऐकता, गिरविला होता. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगावी एका परिटाच्या घरी जन्मलेला डेबूजी झिंगराजी जाणोरकर बापाच्या माघारी मामाकडे, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे वाढला. बापाचा संसार दारूने धुऊन नेला, सावकाराचा फास मामाच्या घराला लागला. ह्या दोन्ही गोष्टी त्याने जवळून पाहिल्या. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याने घर सोडले. पुढे लोक त्याला गाडगेबाबा म्हणू लागले. बाळापूरची मन नदी ज्या पूर्णेस मिळते, त्याच पूर्णेच्या वरच्या काठी ऋणमोचन आहे. तेथल्या यात्रेत चिखलातून उतरणाऱ्या भाविकांसाठी वाट करून देण्यापासून बाबांच्या सेवेस आरंभ झाला, आणि तेथेच त्यांनी पुढे लोकांकडून घाट बांधून घेतला.

बाबांचा वेष सर्वांच्या परिचयाचा आहे. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर गाडग्याचे खापर आणि हातात खराटा. ह्या वेषाला विरक्तीचे लक्षण समजून पुष्कळांनी नमस्कार केला, आणि पुष्कळांनी वेड समजून दगड मारले. परंतु त्यात एक विलक्षण योजकताही होती. गोधडी, कवडी, काच, खापर ह्या साऱ्या वस्तू उकिरड्यावर टाकलेल्या. जे टाकलेले, तेच ह्या माणसाने अंगावर घेतले; टाकलेल्या माणसांची बाजू आपण घेतली आहे, हे सांगण्यास ह्याहून स्पष्ट अक्षर कोणत्या छापखान्यात मिळाले असते? खापर जेवणास उपयोगी, उन्हात टोपीसारखे, आणि ओळख पटविण्यास निशाणासारखे. एक दमडीचा खर्च नाही, अनामत नाही, आणि जप्त करावे तर जप्त करणाऱ्याचेच हसे.

त्याहून मोठी गोष्ट त्यांच्या क्रमाची होती. बाबा गावात येत ते बोलत येत नसत, झाडत येत. सकाळी रस्ता, गटार, देवळापुढचे अंगण झाडून होई. कोण हा म्हणून लोक जमत. कोणी खराटा हाती घेई. आणि ज्या गावाने दिवसा हाताने काम केले, तेच गाव रात्री कीर्तनास बसे. म्हणजे प्रचार आधी नव्हे, काम आधी. आणि काम हीच जाहिरात. रात्रीच्या कीर्तनाचा थाटही पंडिती नव्हता. शुद्ध ग्रांथिक भाषा सोडून ते थेट वऱ्हाडी बोलीत बोलत. प्रश्न टाकीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत. देवापुढे बोकड का मारता, कर्ज काढून तिथी का घालता, जेवणाचे ताट मोडले तरी चालेल पण पोराला शाळेत का घालीत नाही, असे एकेक सवाल येत, आणि सभेतून हशा उठून मागाहून शांतता पसरे. ऐकणाऱ्याला आपण उपदेश ऐकतो आहोत असे वाटत नसे. आपणच काहीतरी कबूल करीत आहोत असे वाटे. स्वतःच्या तोंडून निघालेली कबुली माणूस घरी घेऊन जातो, दुसऱ्याचे व्याख्यान मांडवातच सांडते.

निरक्षर म्हणवून घेणाऱ्या ह्या पुरुषाने हिशेबाच्या बाबतीत मात्र काटेकोरपणा राखला. नाशिक, देहू, आळंदी, पंढरपूर येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. मूर्तिजापुरास गोरक्षण उभे राहिले. परंतु त्यांत बाबांनी स्वतःसाठी वा आप्तांसाठी काही ठेविले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस दिली. लोकसेवेच्या संस्थेचे पहिले प्रचारसाधन म्हणजे तिच्यावरचा विश्वास. तो उडाला की सुबक पत्रक देखील रद्दीच्या भावाचे. तो असला की फुटके खापर पुरते.

तथापि एका गोष्टीचा निकाल खराट्याने लागत नव्हता. बाबांचे बोलणे बाबांच्याच गळ्यात होते. ते जेथे असत तेथे गाव हलत असे. ते पुढच्या गावी गेले की मागच्या गावाचे काय? ह्या प्रश्नाशी अमरावती जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका सत्पुरुषाने झुंज दिली. ३० एप्रिल १९०९ रोजी यावली येथे जन्मलेले माणिक बंडोजी इंगळे म्हणजेच राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. त्यांचे साधन खंजिरी. लाकडाचे लहानसे कडे, एका अंगास ताणलेले कातडे आणि झांजांच्या चकत्या. फकिराच्या झोळीत मावेल एवढे हे वाद्य, परंतु महाराजांच्या बोटांखाली ते हजारोंच्या सभेला खिळवून ठेवी. मराठीबरोबर हिंदीतही पदे रचून त्यांनी आपली ऐकणारी माणसे वऱ्हाडाच्या शिवेबाहेर नेली.

त्यांनी १९३५ साली मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि तेथून गावोगाव गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा उभारल्या. येथे एका गळ्याचे शेकडो गळे झाले. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पद्धतीने, सर्व जातींनी एका ओळीत बसून सामुदायिक प्रार्थना करावयाची. ह्या साध्या नियमाने असे साधले की महाराज गावात नसतानाही त्यांचे म्हणणे गावात राहिले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आष्टी, चिमूर आणि खुद्द यावली येथे जनता उसळली, तेव्हा ह्या भजनांचे बळ सरकारच्या ध्यानी आले. २८ ऑगस्टला महाराजांना चांदा येथे अटक झाली, आणि नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत त्यांस डिसेंबरपर्यंत ठेवण्यात आले. खंजिरीला अनामत मागता येत नाही; म्हणून खंजिरी वाजविणाऱ्यालाच अटकावून ठेवावे लागले. सुटकेनंतर १९४३ साली ‘श्रीगुरुदेव’ मासिक सुरू झाले, आणि पुढे ग्रामगीता हा एकेचाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ आला. गायिलेले आता लिहिले गेले. पण लिहिले तेही असे की पुन्हा गाता यावे, निरक्षरांत बसून वाचून दाखविता यावे. बनसोड्यांचा खिळा आणि महाराजांची खंजिरी ह्यांची येथे सांगड पडली.

त्याच ४२ साली मुंबईत निराळ्या वाटेने हाच प्रश्न सोडविला जात होता. आकाशवाणी सरकारची, तिच्यावरून सत्याग्रह्यांस बोलता येत नव्हते. तेव्हा उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ ऑगस्टपासून गुप्त ध्वनिक्षेपण सुरू केले. जागा बदलीत बदलीत ते नोव्हेंबरच्या १२ तारखेपर्यंत चालले, आणि मग यंत्रासह पकडले गेले. अडीच महिन्यांचे आयुष्य लाभलेल्या त्या केंद्राने एवढे दाखवून दिले की यंत्र कितीही नवे असो, जुना प्रश्न सुटत नाही. ते कोणाच्या ताब्यात आहे, हे आधी विचारावे लागते. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, नागपुरास आकाशवाणीचे केंद्र झाले आणि वऱ्हाडी बोली प्रथमच दूरच्या घरांतून ऐकू येऊ लागली.

गाडगेबाबांचा आवाज यंत्रात साठविला गेला तो अगदी अखेरीस. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईस वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले आणि ते ध्वनिमुद्रित करण्यात आले. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले, २० डिसेंबरला अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर बाबांनी देह ठेविला. चौदा दिवसांच्या अंतराने वऱ्हाडाने दोन आवाज गमावले. एकाने आपले बोलणे छापून ठेविले होते, म्हणून ते राहिले. दुसऱ्याचे, त्या एका रात्रीचे कीर्तन सोडले, तर पन्नास वर्षांचे बोलणे बहुतांशी वाऱ्यावर गेले. आणि जे मुद्रित झाले, त्यातही सकाळचा खराटा ऐकू येत नाही.

खराट्याची पुढची हकीगत मोठी बोधप्रद आहे. २००० साली महाराष्ट्र सरकारने ग्रामस्वच्छतेच्या अभियानास संत गाडगेबाबांचे नाव दिले, आणि अनेक गावांनी त्या निमित्ताने खरोखर काम केले. अमरावतीच्या विद्यापीठासही त्यांचे नाव लाभले. परंतु खूण जितकी बलवान, तितका तिचा मोह अनावर. नव्या झाडूने चार हात जमीन झाडावी, छायाचित्र निघताच झाडू खाली ठेवावा, हा प्रकार पुष्कळ ठिकाणी दिसू लागला. बाबांच्या हाती जे कामाचे अवजार होते, ते येथे जाहिरातीचे भांडवल होते. खूण तीच, मात्र तिच्यामागची सकाळ नाहीशी झाली.

आज बाळापूरच्या बाजारात डफडे क्वचितच वाजते. प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी आहे, आणि त्याच्या काचेवर मराठी अक्षर फुकट उमटते. मुंबईच्या ‘एक टाइप’ ह्या मंडळीने घडविलेली ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ ही अक्षरवळणे कोणालाही मोल न देता वापरता येतात. ज्या शेकडो खिळ्यांसाठी बनसोड्यांसारख्यांना पोटास चिमटा घ्यावा लागला, ते खिळे आता महिला बचतगटाला, ग्रंथालयाला, शेतकऱ्यांच्या मंडळाला मागितल्याबरोबर मिळतात. हे थोडे भाग्य नव्हे. जावजी दादाजींच्या काळी हे कोणी सांगितले असते तर ते खरे वाटले नसते.

तरी जुन्या दवंडीचा प्रश्न ह्या नव्या काचेआडही उभा आहे. अक्षर फुकट मिळाले, पण ज्या चव्हाट्यावर ते लावावयाचे तो चव्हाटा परदेशच्या कंपन्यांचा आहे. कोणाचे बोलणे पुढे सरकवावे आणि कोणाचे मागे ठेवावे, हे त्या ठरवितात. अडीच हजार रुपये, चार खिळे आणि एक खराटा ह्यांच्या बळावर ज्यांनी वऱ्हाडात बोलण्याची वाट पाडली, त्यांनी आपल्या वारसांसाठी तीन गोष्टी मागे ठेविल्या आहेत. बोलण्यापूर्वी काम असावे, म्हणजे खूण पोकळ होत नाही. खूण आणि भाषा ऐकणाऱ्याच्या अंगणातली असावी, म्हणजे ती समजावून सांगावी लागत नाही. आणि दुसऱ्याच्या चव्हाट्यावर खुशाल बोलावे. परंतु एक लहानशी खंजिरी आपली स्वतःची असावी, म्हणजे चव्हाट्याची दारे मिटली तरी गळा आणि शब्द ह्यांची ताटातूट होत नाही. मन आणि म्हैस ह्यांच्या संगमावरचा किल्ला आज मुका उभा आहे. खापर कधीच फुटून गेले. त्याची गोष्ट मात्र वऱ्हाडातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे.